कुलूप लावलेली बाग: दुःखातल्या मुलासोबत वाचायची कादंबरी

घरात कुणी गेलं की मोठ्यांना भेटायला माणसं येतात. आईजवळ बसायला मावशी येते, आजोबांशी बोलायला शेजारचे काका येतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मात्र "जा, खाली खेळ" म्हणून पाठवलं जातं, नाहीतर चार दिवस मामाकडे नेऊन ठेवलं जातं. तेरावा होतो, शाळा सुरू होते, मूल क्रिकेट खेळताना दिसतं आणि घरातल्यांना हायसं वाटतं. पोर सावरलं, असं सगळे एकमेकांना सांगतात. पुढे दोन महिन्यांनी तेच पोर क्षुल्लक कारणावरून धाकट्या भावाच्या अंगावर धावून जातं, रोज सकाळी पोटात दुखतं म्हणतं, आवडत्या बाईंच्या तासालाही गप्प बसून राहतं. मग "हल्ली फार हट्टी झालाय" अशी तक्रार कानावर येते. त्या हट्टामागे अनेकदा दुःखच असतं, फक्त त्याला बोलायला जागा मिळालेली नसते.

अशा मुलाला काय वाचायला द्यावं, असं पालक आणि शिक्षक विचारतात तेव्हा मी एका जुन्या इंग्रजी कादंबरीचं नाव सांगते. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची 'द सीक्रेट गार्डन'. १९११ साली पुस्तकरूपानं आलेली ही कादंबरी नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि आजही ती त्यांना धरून ठेवते. ती का द्यावी, कधी द्यावी, कशी वाचावी आणि कुठे सांभाळून वाचावी, हे इथे सविस्तर सांगते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते: मुलाच्या हाती देण्याआधी ती तुम्ही स्वतः वाचा. कारण पुढे येईलच.

गोष्ट थोडक्यात

गोष्ट सुरू होते आपल्याकडे, हिंदुस्थानात. मेरी लेनॉक्स ही इंग्रज अधिकाऱ्याची नऊ वर्षांची मुलगी. आईला पार्ट्यांचं वेड, बाप कामात आणि आजारपणात बुडालेला, मुलीला वाढवलं ते आयानं. कॉलराची साथ येते आणि दोन-तीन दिवसांत आया जाते, आईबाप जातात, उरलेसुरले नोकर पळून जातात. बंगल्यात एक मूल आहे याची कुणालाच आठवण राहत नाही. ती एकटीच सापडते.

मेरीला इंग्लंडमध्ये यॉर्कशरला पाठवतात. तिथल्या ओसाड माळरानाच्या कडेला मिसलथ्वेट मॅनर नावाचा शंभर खोल्यांचा वाडा आहे, बहुतेक खोल्या बंद. वाड्याचे मालक आर्चिबाल्ड क्रेव्हन हे मेरीच्या दिवंगत आत्याचे यजमान. दहा वर्षांपूर्वी बागेतल्या झाडाची फांदी मोडून आत्या खाली पडली आणि गेली. क्रेव्हन यांनी त्या बागेला कुलूप लावलं, किल्ली जमिनीत पुरली, आणि तेव्हापासून ते देशोदेशी भटकत असतात. आत्याच्या मृत्यूच्या सुमारास जन्मलेला मुलगा कॉलिन वाड्यातल्या एका खोलीत अंथरुणाला खिळून आहे. आपल्याला कुबड येणार आणि आपण लवकरच मरणार, अशी त्याची खात्री झालेली आहे, कारण लहानपणापासून त्याच्या कानावर तेच पडलंय.

मेरीला एका रॉबिन पक्ष्यामुळे किल्ली सापडते, वेलींखाली दडलेलं दार सापडतं. मार्था या मोलकरणीचा बारा वर्षांचा भाऊ डिकन तिला मदत करतो. झाडं, पाखरं, कोल्ह्याचं पिल्लू हे सगळे त्याचे सोबती. पुढे कॉलिनही चाकाच्या खुर्चीतून बागेत येतो. हिवाळा सरतो, वसंत येतो, मुलं माती उकरतात, तण काढतात, गुलाब छाटतात. बाग जिवंत होते आणि तिच्याबरोबर मुलंही. शेवटी क्रेव्हन परत येतात.

हीच कादंबरी का

पहिलं कारण म्हणजे या पुस्तकात मुलाला कुणी समजावत बसत नाही. मेरीला जवळ बसवून "तुझे आईबाबा आता नाहीत, पण तू धीर धर" असं सांगणारं पात्र इथे नाही. तिला मिळतं ते काम. बागेत पहिल्यांदा शिरल्यावर तिला जमिनीतून वर येऊ पाहणारी कोवळी हिरवी टोकं दिसतात. गवतानं त्यांना वेढलंय, त्यांना श्वास घ्यायला जागा नाही असं तिला वाटतं. बागकामातलं ओ की ठो कळत नसताना ती एक टोकदार काटकी शोधते, गुडघ्यांवर बसते आणि प्रत्येक कोंबाभोवतीचं गवत उपटून थोडी मोकळी जागा करते. ऊब चढते तसा आधी कोट काढते, मग टोपी. जेवायची वेळ होईपर्यंत तिला कशाचंच भान राहत नाही. दुःखातल्या मुलाला नेमकं काय लागतं, हे मला या प्रसंगाइतकं स्पष्ट कुठे वाचायला मिळालेलं नाही. हातांना काम हवं, आपल्यावर काहीतरी अवलंबून आहे ही जाणीव हवी आणि आजूबाजूला कुणी न्याहाळत बसलेलं नको.

दुसरं कारण मेरीचा स्वभाव. मुलांच्या गोष्टींतली पोरकी मुलं बहुधा गोड आणि सोशिक असतात. मेरी तशी मुळीच नाही. ती उर्मट आहे, कुणालाही आवडत नाही आणि तिलाही कुणी आवडत नाही. आईबाप गेल्यावर ती रडत नाही. कॉलिन तर वाडा डोक्यावर घेणारा मुलगा आहे. दुःखामुळे चिडका झालेल्या मुलाला आपण वाईट आहोत असं आतून वाटत असतं. त्याला इथे स्वतःसारखी दोन मुलं भेटतात, आणि सोबतीवर हक्क सांगायला आधी चांगलं व्हावं लागत नाही हे उमगतं.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. या गोष्टीत बागेला कुलूप लावलंय ते मोठ्या माणसानं. क्रेव्हन यांना पत्नीचं नाव सोसत नाही, बाग सोसत नाही, तिच्यासारखे डोळे असलेला मुलगा तर त्याहून सोसत नाही. ते वाईट नाहीत, खचलेले आहेत. पण त्यांच्या खचण्याची किंमत मुलगा मोजतो. आपल्याकडेही असं होतं. गेलेल्या माणसाची खोली बंद राहते, त्याचा विषय निघाला की आई स्वयंपाकघरात निघून जाते, आणि बाबांबद्दल बोलायचं नसतं हे मूल न सांगता शिकतं. म्हणून म्हटलं, आधी तुम्ही वाचा. ही कादंबरी मुलांइतकीच त्यांच्या दुःखी मोठ्यांसाठी आहे.

याच गोष्टीत दुःखाची दुसरी रीतही दिसते. बेन वेदरस्टाफ हा म्हातारा, तिरसट माळी. बाईसाहेबांनी त्याला कधीतरी सांगून ठेवलं होतं की मी नसले तर माझ्या गुलाबांकडे लक्ष दे. मालकांनी बागेत जायला सगळ्यांना मनाई केली, तरी बेन वर्षातून एकदा भिंत ओलांडून आत उतरत असे आणि छाटणी करून येत असे. संधिवातानं गुडघे धरले तेव्हाच ते थांबलं. बाग पूर्ण मेली नाही याचं एक कारण हा म्हातारा. एकानं किल्ली पुरली, दुसऱ्यानं भिंत ओलांडली. मूल जरा मोठं असेल तर हे दोघं त्याच्यासमोर ठेवा आणि त्याला काय वाटतं ते ऐका.

लिहिणारीचं आयुष्य

बर्नेट १८४९ साली मँचेस्टरमध्ये जन्मल्या. त्या अगदी लहान असताना वडील गेले. १८६५ साली कुटुंब अमेरिकेत टेनेसीला गेलं, आणि लहान वयातच कथा लिहून घराला हातभार लावायची वेळ त्यांच्यावर आली. १८९० साली त्यांचा थोरला मुलगा लायनेल क्षयानं गेला, वय अवघं सोळा. पुढे १८९८ पासून काही वर्षं त्या इंग्लंडमधल्या केंट परगण्यात ग्रेट मेथम हॉल या घरी भाड्यानं राहिल्या. तिथे भिंतींनी वेढलेली एक जुनी बाग होती. तिच्यात त्यांनी गुलाब लावले आणि तिथे बसून त्या लिहीत. एका रॉबिनशी त्यांची तिथेच मैत्री जमली. त्याच्यावर त्यांनी पुढे वेगळं छोटं पुस्तकही लिहिलं. आजारी मुलगा अंथरुणातून उठून धावत येतो, हे दृश्य मूल गमावलेल्या आईनं लिहिलेलं आहे. तुम्ही मोठ्यानं वाचत असाल तर ते पान वाचताना हे मनात असू द्या, आवाज आपोआप संथ होईल.

कधी द्यावं, कसं वाचावं

पहिल्या दिवसांत देऊ नका. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाला नेहमीचं जेवण, नेहमीची झोप, ओळखीची माणसं आणि खरी उत्तरं हवी असतात. "देवाघरी गेले", "झोपलेत" अशी उत्तरं लहान मुलांना गोंधळात टाकतात. काही मुलं परत येण्याची वाट पाहतात, काहींना झोपायचीच भीती वाटू लागते. "बाबा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते आता परत येणार नाहीत" हे सांगणं मोठ्यांना जड जातं, पण मुलाला त्याचाच आधार होतो. घडी थोडी बसली, मूल पुन्हा गोष्टी मागू लागलं की पुस्तक काढा. कुणाला त्यासाठी दोन महिने लागतील, कुणाला वर्ष.

देताना "हे तुझ्यासारख्या मुलीबद्दल आहे" असं चुकूनही म्हणू नका. मुलाला लगेच औषधाचा वास येतो. "एका बंद बागेची गोष्ट आहे, वाचू या का?" एवढं पुरे.

शक्यतो एकत्र वाचा. कादंबरीत २७ प्रकरणं आहेत. एक प्रकरण मोठ्यानं वाचायला साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात. रात्री झोपण्याआधी एक, असा क्रम ठेवला तर महिन्याभरात होते. मूल मधल्या वाटेवर थांबलं तर थांबू द्या, कथा कुठे पळून जात नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांना मूळ इंग्रजी जड जाईल. त्यात मार्था, डिकन आणि बेन यॉर्कशरच्या बोलीत बोलतात, ती तर इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही अडते. यावर माझा उपाय साधा आहे. प्रकरण आदल्या दिवशी तुम्ही वाचा आणि मुलाला मराठीत सांगा. डिकनचं बोलणं तुमच्या गावाकडच्या बोलीत आणा: मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, कोकणी, जी तुमच्या आजीची असेल ती. कथेत या बोलीला कमी लेखलेलं नाही. मेरी ती हौसेनं शिकते. आजी गेली असेल आणि तिची बोली डिकनच्या तोंडून पुन्हा घरात ऐकू आली, तर मुलाला काय मिळेल ते वेगळं सांगायला नको.

थांबायच्या चार जागा

काही प्रसंगांपाशी वाचन जरा थांबवावं. प्रश्न पात्रांबद्दल विचारावा, मुलाबद्दल नव्हे. "मेरी रडली का नसेल?" असं विचारलं तर मूल मेरीच्या आडून स्वतःचं सांगू शकतं. "तुलाही तसंच वाटतं का?" म्हटलं की दार बंद.

पहिली जागा अगदी सुरुवातीची. कॉलराच्या त्या सकाळी आया आलेली नाही, घरात काहीतरी भयंकर चाललंय, पण मेरीला कुणी काही सांगत नाही. ती बाहेर जाते, मातीचे छोटे ढीग करते आणि त्यांत जास्वंदीची लाल फुलं खोचून बाग-बाग खेळते. इंग्लंडमधल्या बागेची सुरुवात इथे होते, आपल्या अंगणातल्या जास्वंदीपासून. विचारा: "तिला कुणी खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं का?"

दुसरी जागा आयाची. जिनं मेरीला वाढवलं तिच्या मृत्यूला पुस्तकानं दोन ओळींपलीकडे जागा दिलेली नाही. पण पुढे एका रात्री कॉलिनला झोप येत नसते. तेव्हा मेरी म्हणते की माझी आया करायची तसं करते. ती त्याचा हात हातात घेऊन कुरवाळते आणि हिंदुस्थानी भाषेतलं एक गाणं हळू आवाजात गुणगुणते. कॉलिन झोपी जातो. त्या गेलेल्या बाईचा स्पर्श आणि सूर तिच्या मुलीसारख्या मेरीच्या हातांत आणि गळ्यात उरलेला आहे, हजारो मैलांवर, यॉर्कशरच्या थंड वाड्यात. भारतीय वाचकानं इथे थांबलंच पाहिजे. "आयानं मेरीला दिलेलं काय काय तिच्याजवळ राहिलं?" एवढंच विचारा. पुढचं बहुतेकदा मूल स्वतःहून सांगतं: आजोबा पतंगाला कन्नी कशी बांधायचे, आई भाताला फोडणी देताना काय म्हणायची.

तिसरी जागा पडद्याची. कॉलिनच्या खोलीत त्याच्या आईचं चित्र आहे आणि त्यावर रेशमी पडदा. आई हसतेय आणि आपण आजारी, याचा त्याला राग येतो, म्हणून त्यानं ती झाकून ठेवलीय. बऱ्याच दिवसांनी तो पडदा स्वतःच्या हातानं उघडतो आणि उघडाच ठेवतो. आपल्या घरांत चौदाव्या दिवशी फोटोला हार चढतो आणि तो दर्शनी भिंतीवर लागतो. मुलाला विचारलं जात नाही. या प्रसंगानंतर विचारायला हरकत नाही: फोटो कुठे असावा, कुठला असावा, की काही दिवस कपाटात असावा? गेलेल्या माणसावर रागही येऊ शकतो, हे कॉलिनकडून कळणं मुलाला फार मोठा दिलासा देतं.

चौथी जागा भांडणाची. एका रात्री कॉलिन आकांततांडव करतो. सगळा वाडा घाबरलेला असताना मेरी त्याच्यावर त्याच्याहून मोठ्यानं ओरडते, आणि पाठीवर कुबड आहे का ते दाखव म्हणते. पाठ तपासली जाते, काहीही निघत नाही. इतकी वर्षं मनात घोळवलेली भीती एकदाची उघड बोलली जाते. मुलांच्या मनात अशा भीती असतात: माझ्यामुळे झालं का, आता आईही जाईल का, मलाही तोच आजार होईल का. हे प्रकरण झालं की "कॉलिननं हे आधी कुणाला विचारलं का नसेल?" असं म्हणून थोडा वेळ गप्प बसा.

सांभाळून वाचायच्या जागा

पुस्तक शंभरहून अधिक वर्षं जुनं आहे, आणि त्या काळाच्या इंग्रजांची दृष्टी त्यात आहे. मेरी आयाला मारते, भारतीय नोकरांना तुच्छ लेखते. गोऱ्या नसलेल्या लोकांबद्दलची काही वाक्यं आपल्या मुलांना दुखावतील. हिंदुस्थानची हवा माणसाला निस्तेज करते आणि यॉर्कशरची हवा त्याला धडधाकट करते, असाही सूर आहे. ही वाक्यं गाळू नका. "त्या वेळचे राज्यकर्ते असा विचार करत, तो चूक होता" असं सरळ सांगा आणि पुढे चला.

दुसरी जागा अधिक नाजूक आहे. कॉलिन मोकळी हवा, व्यायाम आणि मनाची उभारी यांच्या जोरावर चालू लागतो. कथेत ते पटतं, कारण त्याला मुळात आजार नव्हताच, होती ती भीती आणि बिछान्यात काढलेली वर्षं. पण ज्या मुलाची आई कॅन्सरनं गेली, त्याच्या मनात येऊ शकतं की आईनं मनावर घेतलं असतं तर ती वाचली असती. इथे स्पष्ट बोला. कॉलरा, कॅन्सर, हृदयविकार हे चांगल्या विचारांनी बरे होत नाहीत आणि कुणी कमी प्रयत्न केले म्हणून मरत नाही. घरात चाकाची खुर्ची वापरणारं कुणी असेल तर हेही सांगा की चालता येणं हीच बरं असण्याची खूण नव्हे.

तिसरी जागा शेवटाची. कॉलिनला त्याचे बाबा परत मिळतात. वडील गमावलेल्या मुलाला इथे हुंदका येईल. येऊ द्या. पुस्तक मिटून लगेच जेवायला बोलावू नका. आणि घरात अपघात झालेला असेल, विशेषतः मुलानं तो पाहिला असेल, तर झाडावरून पडण्याचा उल्लेख येणार आहे हे त्याला आधी सांगून ठेवा.

पुस्तकातून मातीकडे

ही कादंबरी वाचून झाली की मुलाला बाहेर पडावंसं वाटतं. त्याचा फायदा घ्या. निसर्गाचा माणसाच्या बरं होण्याशी संबंध आहे, हे अभ्यासकांनीही तपासलंय. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या नोंदींची तुलना केली. शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. शोकाबद्दल मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलेला विचार मला पालकांसाठी मोलाचा वाटतो. माणूस दुःखात बुडतो, मग रोजच्या जगण्याकडे वळतो, पुन्हा दुःखाकडे जातो, आणि ही ये-जा निरोगी असते. मुलांमध्ये ती फार जलद दिसते. आत्ता रडणारं मूल दहा मिनिटांनी खिदळतं. त्याला दुःख नाही असा अर्थ काढू नका. अंगणात खेळणं हाही त्याच्या शोकाचा भाग आहे.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगते.

मुलाला त्याची स्वतःची जागा द्या. क्रेव्हन यांच्याकडे मेरी खेळणी किंवा बाहुल्या मागत नाही, थोडीशी जमीन मागते. फ्लॅटमध्ये दोन कुंड्या पुरतात. तिथे काय लावायचं, कधी पाणी घालायचं हे मूल ठरवेल. तुम्ही सुचवा, हातातून खुरपं काढून घेऊ नका.

कंद लावा. मेरीला दिसलेली हिरवी टोकं कंदांचीच होती. आपल्याकडे भुईचाफा आहे. थंडीत त्याची पानं वाळून जातात, कुंडी रिकामी वाटते, आणि ऐन उन्हाळ्यात पानांच्या आधी थेट मातीतून फूल वर येतं. मे फ्लॉवरचा लाल चेंडूही तसाच. पावसाळी लिली पहिल्या सरींनंतर फुलते, निशिगंधाचे कंद तर रोपवाटिकेत सहज मिळतात. परदेशातल्या मराठी घरांत थंडीआधी डॅफोडिलचे कंद पुरता येतील. आजीला शेवटचं फोनच्या पडद्यावर पाहिलेल्या मुलाला तिथल्या मातीतही काहीतरी करता येतं. ज्या मुलाला वाट पाहणं जमत नाही त्यानं सोबत मेथी पेरावी, तीन-चार दिवसांत कोंब दिसतात.

वाळलेली फांदी तपासा. डिकन चाकूनं फांदीची साल काढून आतला हिरवा रंग मेरीला दाखवतो, मेलेली वाटणारी झाडं जिवंत असल्याचं तिला तेव्हा कळतं. गुलाबाच्या किंवा जास्वंदीच्या सुकलेल्या काडीची साल नखानं किंचित खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर ठेवा, तपकिरी आणि कोरडं निघालं तर छाटा. मुलं हे तासन्‌तास करतात. त्यावर कसलंही तात्पर्य सांगू नका.

एक इशारा. गेलेल्या माणसाच्या नावानं एकच झाड लावून "हे बाबांचं झाड" असं मुलाच्या हवाली करू नका. झाडं मरतात. कीड लागते, सुट्टीत गावी गेल्यावर पाणी राहतं. मग मुलाच्या खांद्यावर दुसऱ्या मृत्यूचा भार येतो, आणि तोही स्वतःच्या चुकीचा म्हणून. स्मृतीसाठी लावायचंच असेल तर सार्वजनिक बागेत, शेताच्या बांधावर, अनेकांच्या देखरेखीखाली लावा. मुलाच्या कुंडीतलं झाड मेलं तर त्याला ते निव्वळ झाड म्हणून उपटता आलं पाहिजे.

आणि एखाद्या पाखराशी ओळख होऊ द्या. मेरीची पहिली मैत्री रॉबिनशी जमते, माणसांशी नंतर. आपल्या गॅलरीत दयाळ येतो, बुलबुल येतो, शिंपी येतो. मातीच्या परळात पाणी ठेवा, रोज एका ठरलेल्या वेळी मुलाबरोबर पाच मिनिटं न बोलता बसा. दुःखातल्या मुलांना समोरासमोर बसून बोलणं अवघड जातं. शेजारी बसून एकाच दिशेला बघताना शब्द सापडतात.

पुस्तक पुरेसं नसतं तेव्हा

पुस्तक आणि बाग हा आधार आहे, उपचार नव्हे. अनेक आठवडे झोप किंवा जेवण सुटलं असेल, मूल शाळेत जायलाच तयार नसेल, स्वतःला इजा करत असेल किंवा "मलाही बाबांकडे जायचंय" असं म्हणत असेल, तर थांबू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांना किंवा शाळेच्या समुपदेशकांना भेटा. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही घरात लिहून ठेवावा.

प्रत, चित्रपट आणि पुढची पुस्तकं

या कादंबरीचा स्वामित्वहक्क संपलेला असल्यानं मूळ इंग्रजी प्रत प्रोजेक्ट गटेनबर्गवर मोफत मिळते, आणि लिब्रिव्हॉक्सवर ऐकताही येते. छापील आवृत्त्या पुष्कळ आहेत. विकत घेताना संक्षिप्त आवृत्ती तर नाही ना, ते पाहा. संक्षेपात घटना राहतात आणि बागेतले निवांत तास कापले जातात, आणि या पुस्तकाची ताकद तर त्याच तासांत आहे. चित्रपटांपैकी अग्नियेश्का हॉलंड यांचा १९९३ चा चांगला आहे, मात्र त्यात आईबाप कॉलराऐवजी भूकंपात जातात. २०२० च्या चित्रपटात काळच बदलून फाळणीचा केलाय. आधी पुस्तक, मग चित्रपट.

मूल अकरा-बारा वर्षांचं असेल आणि मित्र किंवा मैत्रीण गमावली असेल, तर कॅथरीन पॅटरसन यांची १९७७ ची 'ब्रिज टू टेराबिथिया' पाहा. त्यांच्या मुलाची लहानगी मैत्रीण वीज पडून गेली, त्यातून ती लिहिली गेली. ओढ्यापलीकडच्या रानात दोन मुलांनी उभारलेलं राज्य आणि अचानक आलेला मृत्यू, अशी ती अधिक तीव्र गोष्ट आहे. मराठीत प्रकाश नारायण संतांच्या कथांतला लंपन आहेच. 'वनवास'पासून सुरुवात करा, घाई करू नका. 'झुंबर'पर्यंत पोचेपर्यंत लंपन मुलाचा जिवाभावाचा दोस्त झालेला असतो, आणि तिथे त्याच्या वडिलांचा मृत्यू येतो तेव्हा मूल त्याच्या शेजारी उभं राहू शकतं.

सुरुवात मात्र 'द सीक्रेट गार्डन'नं करा, आणि स्वतःपासून करा. वाचताना क्रेव्हन यांच्यापाशी थांबा आणि विचारा, आपल्या घरात कुठली खोली, कुठलं नाव, कुठली आठवण आपण कुलपात ठेवलीय. ते कुलूप उघडणं मुलाच्या हातात नाही. या आठवड्यात जेवताना गेलेल्या माणसाचं नाव एकदा सहज घ्या, त्याची एखादी सवय आठवा, आणि तुमचे डोळे भरून आले तरी उठून जाऊ नका. मुलाला तेवढी परवानगी पुरते.